रामानुजन यांच्या यादीतून निसटलेली संख्या

मागच्या भागात आपण दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या ६१७४ या संख्येशी खेळलो. देवळालीच्या या शाळामास्तरांनी ती संख्या १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली होती. म्हणजे बोलता बोलता आपण नाशिक जिल्ह्यातून मद्रासला येऊन पोहोचलो होतो. आज इथेच थांबू या. नाहीतरी मी ही मालिका चेन्नईतल्या घरातूनच करतो आणि आजची संख्याही इथल्याच माणसाची आहे. फरक एवढाच की ती चार अंकी नाही, तेरा अंकी आहे. कागद-पेन जवळ ठेवा, आज लागणार आहे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत माझी भाची सांगलीहून आमच्याकडे आली होती. नुकतीच सहावी पास झाली होती. चेन्नईचा मे म्हणजे काय ते इथे राहिलेल्यांनाच ठाऊक, त्यामुळे आम्ही सकाळी लवकर बाहेर पडायचो. मी तिला ट्रिप्लिकेनच्या गल्ल्यांतून फिरवलं, कारण श्रीनिवास रामानुजन या भागात राहत असत. मग बंदराकडे नेलं, कारण तिथल्या पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत ते कारकून होते. संध्याकाळी मरीनावर सुंडल खाता खाता मी तिला सगळ्या नेहमीच्या गोष्टी सांगितल्या. टॅक्सीचा नंबर १७२९ होता ती. नामक्कलची देवी स्वप्नात येऊन सूत्रं सांगते असं ते म्हणत ती.

पोरगी ऐकत होती, पण तिचा चेहरा खुलत नव्हता. शेवटी म्हणाली, "मामा, ते कधीच चुकले नाहीत का?"

मी म्हटलं, "चुकले असतील की."

"मग ते कुणी सांगत का नाही?"

त्या वर्षी तिला गणितात कमी मार्क पडले होते, हे मला नंतर ताईकडून कळलं. तिचा प्रश्न कुतूहलाचा नव्हताच. ज्या माणसाला सगळं आपोआप सुचतं, त्याच्या गोष्टीत आपल्यासारख्यांचं काय काम, असं तिला म्हणायचं होतं. रामानुजन यांची श्रद्धा ही त्यांची होती, तिच्याशी माझं काही भांडण नाही. पण आपण मुलांना फक्त चमत्कार सांगतो आणि त्या माणसाने केलेली आकडेमोड सांगत नाही, हे मला त्या दिवशी लागलं. तिच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर पुढे मला सापडलं, आणि ते एका संख्येच्या रूपात सापडलं. आजचा भाग त्या उत्तराचा.

जास्तीत जास्त वाटण्या

केळी डझनावर का विकतात? दहा का नाही? १० केळी दोघांत किंवा पाच जणांत सारखी वाटता येतात. १२ केळी दोघांत, तिघांत, चौघांत, सहा जणांत वाटता येतात. १० चे विभाजक चार आहेत: १, २, ५, १०. १२ चे सहा आहेत: १, २, ३, ४, ६, १२. इतकंच नाही, तर १२ पेक्षा लहान कुठल्याही संख्येला सहा विभाजक नाहीत. १२ ही तिच्याआधीच्या सगळ्यांवर मात करते.

अशा संख्यांना इंग्रजीत हायली कम्पोझिट नंबर म्हणतात. आपण त्यांना अतिसंयुक्त संख्या म्हणू. व्याख्या सोपी आहे: जिचे विभाजक तिच्यापेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येच्या विभाजकांपेक्षा जास्त, ती अतिसंयुक्त. यादी अशी सुरू होते: १, २, ४, ६, १२, २४, ३६, ४८, ६०, १२०, १८०, २४०, ३६०, ७२०, ८४०...

ओळखीचे चेहरे दिसले ना? १२ चा डझन, २४ तासांचा दिवस, ६० मिनिटांचा तास, ३६० अंशांचं वर्तुळ. इंग्रजांच्या जुन्या पौंडाचे पेन्स किती? २४०. तीही यादीतलीच. आपला जुना रुपया मात्र यादीत नाही. १६ आणे, दर आण्याला १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १९२ चे विभाजक १४. तरीही आजच्या १०० पैशांपेक्षा ते बरेच, कारण १०० चे विभाजक फक्त ९. तिघांत रुपया वाटायचा झाला तर आजोबांच्या काळी ६४ पै प्रत्येकी, विषय संपला. आज एक पैसा उरतो.

न लिहिता मोजायचं कसं

लहान संख्येचे विभाजक एकेक लिहून मोजता येतात. तेरा अंकी संख्येचे कसे मोजणार? त्यासाठी एक युक्ती आहे, आणि ती चेन्नईच्या टिफिनच्या टेबलावर चांगली समजते.

समजा, खायला तीन पर्याय आहेत: इडली, पोंगल, डोसा. आणि कॉफी एक तर घ्यायची किंवा नाही घ्यायची, म्हणजे दोन पर्याय. एकूण किती तऱ्हेच्या ऑर्डर होतील? तीन गुणिले दोन, सहा.

आता १२ चे मूळ अवयव पाडा: २ × २ × ३. विभाजक बनवायचा म्हणजे यातून काही अवयव उचलायचे. २ किती उचलायचे? एकही नाही, एक, किंवा दोन: तीन पर्याय. ३ किती? एकही नाही किंवा एक: दोन पर्याय. तीन गुणिले दोन, सहा. आपण मघाशी लिहिले तेवढेच.

नियम असा झाला: प्रत्येक मूळ संख्या किती वेळा आली ते बघा, त्या आकड्यात एक मिळवा आणि सगळे गुणा. ३६० म्हणजे २ तीन वेळा, ३ दोन वेळा, ५ एकदा. चार गुणिले तीन गुणिले दोन, २४. झालं. ३६० चे विभाजक २४.

यातून अतिसंयुक्त संख्यांचे दोन गुण लगेच कळतात. पहिला: मधली मूळ संख्या गाळता येत नाही. २ × २ × ५ म्हणजे २०, तिचे विभाजक सहा. पण ५ च्या जागी ३ ठेवला की १२ मिळते आणि विभाजक तेच सहा राहतात. मग २० ला पुढे जायचा काय अधिकार? दुसरा: मोठी मूळ संख्या लहानीपेक्षा जास्त वेळा येऊ शकत नाही. २ × ३ × ३ म्हणजे १८, विभाजक सहा. अदलाबदल करा, पुन्हा १२. म्हणून अशा प्रत्येक संख्येत २ पासून सगळ्या मूळ संख्या ओळीने येतात आणि त्यांची हजेरी उतरत जाते.

ही झाली सुरुवात. याच्या पुढची सगळी चढण रामानुजन यांनी चढली.

मद्रासचा कारकून

१ मार्च १९१२ ला रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागात कारकून म्हणून रुजू झाले. पगार महिना ३० रुपये. वर्षाचे ३६०, गंमत म्हणून लक्षात ठेवा. तिथले मुख्य हिशेबनीस नारायण अय्यर स्वतः गणिती होते आणि भारतीय गणित परिषदेचे खजिनदार होते. ही संस्था १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर यांनी स्थापन केली आणि तिचं ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होतं. तिच्याच नियतकालिकात १९११ साली रामानुजन यांचा पहिला निबंध छापून आला. म्हणजे हा माणूस अगदी एकटा अंधारात चाचपडत होता, हेही पूर्ण खरं नाही. आपल्या देशात गणितावर प्रेम करणारी माणसं एकमेकांना धरून होती, आणि त्यांनी त्याला ओळखलं.

कागद महाग, म्हणून रामानुजन पाटीवर गणितं करत. कोपराने पुसत, पुन्हा लिहीत, आणि फक्त उत्तर वहीत उतरवत. १६ जानेवारी १९१३ ला त्यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिलं. त्या वर्षी मद्रास विद्यापीठाची महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, आणि १७ मार्च १९१४ ला ते मद्रासच्या बंदरातून बोटीने इंग्लंडला निघाले.

पुढच्याच वर्षी, १९१५ मध्ये, लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीने त्यांचा अतिसंयुक्त संख्यांवरचा निबंध छापला. ६३ पानांचा. खरं तर मजकूर याहून जास्त होता, पण महायुद्धाचे दिवस, सोसायटीची पैशाची ओढाताण, म्हणून उरलेला भाग राहून गेला. तो टिपणांसह व्यवस्थित छापला गेला १९९७ साली. छापलेल्या तेवढ्या निबंधावर केंब्रिजने १९१६ च्या मार्चमध्ये त्यांना संशोधनासाठीची बी. ए. पदवी दिली. आपल्याकडे दोन वेळा कॉलेजच्या परीक्षेत नापास झालेला हा माणूस. पदवी मिळाली ती या वाटण्यांच्या गणितावर.

या निबंधात रामानुजन यांनी बरंच काही सिद्ध केलं. उदाहरणार्थ, अशा संख्येतली सगळ्यात मोठी मूळ संख्या एकदाच येते. अपवाद फक्त ४ आणि ३६. वरच्या यादीत पडताळून बघा. आणि याच निबंधात एक तक्ता आहे: १०२ अतिसंयुक्त संख्या, प्रत्येकीचे मूळ अवयव आणि विभाजकांची संख्या. ज्या काळात संगणक नव्हते, त्या काळात हाताने तयार केलेला.

तेरा अंकी संख्या

त्या तक्त्यातली शेवटची संख्या ही:

६७,४६,३२,८३,८८,८००

वाचायची तर सहा लाख चौऱ्याहत्तर हजार सहाशे बत्तीस कोटी, त्र्याऐंशी लाख, अठ्ठ्याऐंशी हजार, आठशे. तिचे अवयव असे:

२ × २ × २ × २ × २ × २ × ३ × ३ × ३ × ३ × ५ × ५ × ७ × ७ × ११ × १३ × १७ × १९ × २३

हजेरी बघा. २ सहा वेळा, ३ चार वेळा, ५ आणि ७ दोन-दोन वेळा, मग ११ पासून २३ पर्यंत पाच जण एकेकदा. उतरती भाजणी, मधे कुणी गैरहजर नाही. विभाजक किती? ७ × ५ × ३ × ३ आणि मग पाच वेळा २. उत्तर १०,०८०. हिच्याहून लहान असलेल्या लाखो कोटी संख्यांपैकी एकीलाही इतके विभाजक नाहीत.

या संख्येला १ ने भाग जातो, २ ने जातो, ३, ४, ५... असं करत करत २८ पर्यंत प्रत्येक संख्येने जातो. पहिला अडतो २९ ला. एखाद्या लग्नात एवढे लाडू असते तर पंगतीला १ ते २८ कितीही माणसं बसली तरी एकही लाडू न उरता वाटणी झाली असती. वर्गात मुलांना शंका आली तर अंकांची बेरीज करायला सांगा: ६३ येते, म्हणजे ९ ने भाग जातो. एक सोडून एक अंक मिळवून दोन बेरजा करा: ३७ आणि २६. फरक ११, म्हणजे ११ नेही जातो. तेरा अंकी संख्या म्हणून घाबरायचं कारण नाही, शाळेतल्या कसोट्या तिलाही लागू पडतात.

आता खरी गोष्ट. नंतरच्या गणितज्ञांनी हा तक्ता तपासला तेव्हा त्यातली एक संख्या गळालेली निघाली. शंभरावर संख्या, आणि त्यांच्यामध्ये असायला हवी होती अशी एकच राहून गेली. ती ही:

२,९३,३१,८६,२५,६००

एकोणतीस हजार तीनशे एकतीस कोटी, शहाऐंशी लाख, पंचवीस हजार, सहाशे. बारा अंकी. तिचे विभाजक ५,०४०.

न दिसणारं भोक

मी जेव्हा हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा माझं समाधान झालं नाही. चूक झाली, ठीक. पण इतक्या बारकाईने काम करणाऱ्याच्या नजरेतून नेमकी हीच का सुटावी? म्हणून मी आजूबाजूच्या संख्या कागदावर मांडल्या, आणि जे दिसलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

एक संख्या घ्या: २६,७७,११,४४,४००. तिला आपण पाया म्हणू. तिच्यात २ चार वेळा, ३ दोन वेळा, ५ दोन वेळा आणि ७ पासून २३ पर्यंतच्या मूळ संख्या एकेकदा आहेत. २३ आहे, हे लक्षात ठेवा.

आता तक्त्याचा शेवटचा भाग बघा. १,६०,६२,६८,६६,४०० ही संख्या म्हणजे पायाची सहापट. तिच्या पुढची २,४०,९४,०२,९९,६०० म्हणजे नऊपट. त्या पुढची ३,२१,२५,३७,३२,८०० म्हणजे बारापट. मग अठरापट, चोवीसपट, छत्तीसपट, बेचाळीसपट. असं करत शेवटची तेरा अंकी संख्या म्हणजे पायाची बरोबर २५२ पट. सहापटीपासून शेवटपर्यंत तक्त्यात पंधरा संख्या आहेत आणि पंधराच्या पंधरा पायाच्या पूर्ण पटीत आहेत.

६, ९, १२, १८, २४, ३६... किती नेटकं चाललंय बघा. नऊ आणि बाराच्या मधे काही राहिलंय, असं कुणाला वाटेल? पण निसटलेली संख्या नेमकी तिथेच आहे, नऊपट आणि बारापट यांच्या मधे. आणि ती पायाच्या पूर्ण पटीत नाही. साधारण १०.९६ पट येते. का? कारण तिच्यात २३ नाही. तिचे अवयव लिहू:

२ × २ × २ × २ × २ × २ × ३ × ३ × ३ × ३ × ५ × ५ × ७ × ७ × ११ × १३ × १७ × १९

आता नऊपटीवरून बारापटीवर जायचा सरळ रस्ता कोणता? एक ३ काढा आणि दोन २ घाला. संख्या ४/३ पट होते, विभाजक ४,८०० वरून ५,३७६ होतात. एका पावलात काम झालं. निसटलेल्या संख्येकडे जाणारी वाट मात्र आडवळणाची आहे. हातातला २३ खाली ठेवायचा, त्यामुळे विभाजक एकदम निम्मे होतात, ४,८०० चे २,४००. मग दोन २ जास्तीचे घ्यायचे, २,४०० चे ३,३६० होतात. मग आणखी एक ७ घ्यायचा, ३,३६० चे ५,०४० होतात. एवढं सगळं केल्यावर विभाजक आधीपेक्षा वाढलेले असतात आणि संख्या अजून बारापटीपेक्षा लहानच असते. म्हणजे तिने आपला हक्क सिद्ध केला. आणि पुढच्याच पावलाला काय करायचं? नुकताच घेतलेला ७ परत ठेवायचा, एक ३ सुद्धा ठेवायचा, आणि २३ पुन्हा उचलायचा.

बाजारात हातातली भरलेली पिशवी खाली ठेवून दुसरी उचलायची आणि दोन पावलांवर पुन्हा पहिली घ्यायची, तसं हे. हिशेबाने ते बरोबर आहे, पण चटकन सुचत नाही.

आणखी मागे गेलात तर दिसेल की २३ यादीत येताना एकदम ठाण मांडून बसत नाही. एक संख्या २३ वाली, मग एक बिन-२३ वाली, असा बराच वेळ लपंडाव चालतो. निसटलेली संख्या ही तक्त्याच्या हद्दीतली २३ नसलेली शेवटची संख्या. तिच्यानंतर शेवटपर्यंत प्रत्येक संख्येत २३ आहे. दोन राजवटींच्या सीमेवर उभी असलेली, जुन्या राजवटीची शेवटची माणसं कशी इतिहासातून सुटतात, तशी ही सुटली. रामानुजन यांची नजर नेमकी याच कारणाने चुकली असा दावा मी करत नाही. पण भोक असूनही तक्ता अखंड का दिसतो, हे तरी यातून कळतं.

तिच्यात एक जादाची गंमतही आहे. तिचे विभाजक ५,०४०. ही ५,०४० संख्या स्वतः अतिसंयुक्त आहे! तिचे विभाजक ६०, तीही अतिसंयुक्त. ६० चे १२, १२ चे ६, ६ चे ४. सगळ्या यादीतल्याच. प्लेटोने आपल्या 'लॉज' या ग्रंथात आदर्श नगरात ५,०४० घरं असावीत असं म्हटलं होतं, कारण या संख्येच्या वाटण्या खूप होतात. तक्त्यातल्या शेवटच्या संख्येला हे भाग्य नाही. तिचे विभाजक १०,०८०, हीसुद्धा अतिसंयुक्त. पण १०,०८० चे विभाजक ७२, आणि ७२ यादीत नाही. साखळी तुटली.

मग ही चूक म्हणायची का? हो, तक्त्यात चूक आहे. पण बघा, ती सापडली कशामुळे? व्याख्येमुळे आणि नियमांमुळे. एखादी संख्या अतिसंयुक्त आहे की नाही, हे ठरवायला रामानुजन यांच्या शब्दाची गरज नाही. आधीच्या संख्यांशी तुलना करून कुणीही ठरवू शकतो. तक्त्यातली एक ओळ गळाली, त्याने सिद्ध केलेलं एकही विधान पडलं नाही. हार्डी यांना पाठवलेल्या पत्रांतले मूळ संख्यांविषयीचे काही दावे मात्र खरोखरच चुकीचे होते, आणि हार्डी यांनी ते स्पष्ट सांगितलं. गणितात माणूस कितीही मोठा असला तरी तपासणी चुकत नाही, आणि तपासणीने माणूस लहानही होत नाही.

भागिले तेवीस

भाचीला मी हे लगेच सांगितलं नाही. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं तेव्हा तिला दोन्ही संख्यांचे अवयव लिहून घ्यायला लावले आणि म्हटलं, "यातली पहिली रामानुजन यांच्या तक्त्यातली शेवटची. दुसरी ते लिहायची विसरले. बघ काही दिसतंय का."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, दोन्ही ओळी सारख्याच आहेत की. पहिल्यात फक्त शेवटी २३ जास्त आहे."

"मग?"

"मग पहिलीला २३ ने भागलं तर दुसरी येणार!"

मी ही गोष्ट तिच्याआधी बघितली होती, पण खोटं सांगत नाही, मला ती दिसायला दोन दिवस लागले होते. तिला दोन मिनिटं लागली. मी म्हटलं, भागून दाखव. कॅल्क्युलेटर नको.

ती वहीत भागाकार करत होती आणि मी इकडून ऐकत होतो. ६७ मध्ये २३ दोनदा, बाकी २१. वरून ४ घेतले, २१४ मध्ये नऊ वेळा, बाकी ७. ७६ मध्ये तीनदा. ७३ मध्ये तीनदा. मधे एकदा अडली, खोडलं, पुन्हा केलं. शेवटी १३८ मध्ये सहा वेळा, बाकी शून्य, आणि वर दोन शून्यं. २,९३,३१,८६,२५,६००. तक्त्यातून सुटलेली संख्या, तक्त्याच्या शेवटच्या ओळीतच दडलेली.

"म्हणजे ती त्यांनी लिहिलीच होती," ती म्हणाली, "फक्त २३ ने गुणून."

मंडळी, या वाक्यात मला काही भर घालायची नाही.

मग तिने विचारलं, "पण मामा, चुकल्याबद्दल त्यांचे मार्क कापले का?"

मी म्हटलं, "नाही गं. याच निबंधावर त्यांना पदवी मिळाली."

"बरं झालं," ती म्हणाली आणि फराळाला पळाली.

रामानुजन १९१९ साली आजारी अवस्थेत मद्रासला परतले आणि २६ एप्रिल १९२० ला इथेच, चेतपेट भागात गेले. वय ३२. पुढच्या वेळी कुणी तुमच्या घरातल्या मुलांना त्यांची गोष्ट सांगेल, तेव्हा टॅक्सीच्या जोडीला ही गळालेली संख्याही सांगा. पाटी, कोपर आणि सुटलेला एक आकडा यांच्यासकट तो माणूस मुलांना जवळचा वाटतो, हे मी बघितलंय.

आता घरचा अभ्यास. एक ते हजार या संख्यांमध्ये सगळ्यात जास्त विभाजक कुणाचे? यादी सुरुवातीला दिलेलीच आहे, पण तिच्यावर विश्वास ठेवू नका. अवयव पाडा, हजेरी मोजा, एक मिळवा, गुणा. आणि मी यादीत एखादी संख्या विसरलो नाही ना, तेही तपासा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.